विम्याच्या कार्डावरचा नंबर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या माणसाला कित्येक वर्षे सरकारकडून दोन सल्ले मिळत असत. सोशल सिक्युरिटीचे खाते सांगे, तुमचे सोशल सिक्युरिटी कार्ड खिशात घेऊन फिरू नका, घरी नीट जपून ठेवा. आणि मेडिकेअर, म्हणजे तिथली ज्येष्ठ नागरिकांची सरकारी आरोग्य विमा योजना, सांगे, आमचे कार्ड सतत जवळ बाळगा, कारण दवाखान्यात कधी जावे लागेल याचा नेम नाही. दोन्ही सल्ले आपापल्या जागी योग्यच. अडचण एवढीच होती, की मेडिकेअरच्या कार्डावर तोच सोशल सिक्युरिटी नंबर छापलेला असे. म्हणजे तिजोरीची किल्ली घरी ठेवा असे एकाने बजावायचे, आणि तीच किल्ली दुसऱ्याने गळ्यात अडकवायला लावायची, असा प्रकार.

हे दुखणे दूर व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. ते का जडले आणि एवढी वर्षे का टिकले, हे आज सांगायचे आहे. अमेरिकेची ही गोष्ट आपल्याला कशाला, असे काहींना वाटेल. पण पुण्या-ठाण्यातून, नाशिक-कोल्हापुरातून मुलाबाळांपाशी राहायला तिकडे गेलेले आईवडील आता थोडेथोडके नाहीत. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे तिथे राहिलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. शिवाय नंबर आणि कार्डे यांचा सुकाळ आता आपल्याकडेही झाला आहे. पुढच्यास ठेच लागली, तर मागच्याने शहाणे व्हावे, हे बरे.

सोशल सिक्युरिटीचा कायदा अमेरिकेत १९३५ मध्ये झाला आणि १९३६ च्या नोव्हेंबरपासून नऊ आकडी नंबर वाटायला सुरुवात झाली. उद्देश अगदी साधा होता. कामगाराने आयुष्यभर किती कमावले आणि म्हातारपणी त्याला किती निवृत्तिवेतन द्यायचे, याचा हिशेब ठेवणे. हा खातेवहीतला नंबर होता, माणसाची ओळख पटवण्यासाठी तो काढलेलाच नव्हता. १९४६ पासून १९७२ पर्यंत तर कार्डावर तशी सूचनाच छापलेली असे, की हे कार्ड ओळखपत्र म्हणून वापरायचे नाही.

नंबर म्हणजे माणूस नव्हे, हे किती खरे आहे ते एका जुन्या प्रकरणातून कळते. न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात पैशांची पाकिटे बनवणारी एक कंपनी होती. नवे कार्ड आपल्या पाकिटात कसे छान बसते, हे गिऱ्हाइकाला दिसावे म्हणून १९३८ मध्ये कंपनीने प्रत्येक पाकिटात एक नमुना कार्ड घातले. त्यावर नंबर छापला तो मात्र कचेरीतल्या एका सेक्रेटरी बाईंचा, अगदी खराखुरा. कार्ड आकाराने लहान होते, त्यावर 'नमुना' असे लाल अक्षरात लिहिलेही होते. तरीही पाकिटाबरोबर नंबरही आपल्याला मिळाला, अशी हजारो लोकांची समजूत झाली. १९४३ मध्ये ५,७५५ माणसे तो एकच नंबर आपला म्हणून वापरत होती. पुढच्या काळात मिळून चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तो सांगितल्याची नोंद आहे, आणि १९७७ मध्येसुद्धा बारा जण तो वापरत होते! सरकारने तो नंबर रद्द केला आणि त्या बाईंना नवा दिला.

या लोकांमध्ये चोर बहुधा कोणीच नव्हता. पण एक गोष्ट त्या वेळीच लक्षात यायला हवी होती. नुसता नंबर सांगितल्याने सांगणारा कोण आहे, हे कळत नाही. नेमकी हीच गोष्ट पुढे विसरली गेली. १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने इतर सरकारी खात्यांनाही हा नंबर वापरण्याची वाट मोकळी झाली. साठच्या दशकात आयकर खात्याने तो घेतला. १९६९ मध्ये अमेरिकी सैन्यदलाने सैनिकांच्या जुन्या क्रमांकांऐवजी तोच वापरायला सुरुवात केली. मग बँका, कॉलेजे, विमा कंपन्या, वीज कंपन्या. प्रत्येकाला तयार नंबर मिळाला, स्वतःची वेगळी व्यवस्था उभारायचा खर्च वाचला.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. आपल्या घराचा क्रमांक आपण दारावर लिहितो, तो पोस्टमनला दिसावा म्हणूनच लिहितो. घराची किल्ली मात्र दारावर टांगत नाही. क्रमांक ओळखण्यासाठी असतो, किल्ली आत जाण्यासाठी. सोशल सिक्युरिटी नंबराचे झाले असे, की एकाच नऊ आकड्यांकडून दोन्ही कामे करून घेतली गेली. दवाखान्याच्या नोंदवहीपासून कॉलेजच्या हजेरीपर्यंत तो लिहिला जाऊ लागला, म्हणजे दारावर लागला. आणि फोनवर 'तुमचा नंबर सांगा' असे विचारून, तो बरोबर आला की कर्ज मंजूर होऊ लागले, म्हणजे किल्लीही तोच झाला.

१९६५ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पहिले कार्ड त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना दिले, आणि १९६६ च्या जुलैपासून योजना सुरू झाली. विम्यासाठी नंबर हवाच होता. सोशल सिक्युरिटीचा नंबर घेतला आणि त्याच्या शेवटी एक अक्षर जोडले. स्वतःच्या कमाईवर विमा मिळाला असेल तर 'ए'. पतीच्या कमाईवर पत्नीला मिळाला असेल तर 'बी'. विधवेला 'डी'. म्हणजे जन्मभर घर सांभाळलेल्या बाईंच्या पर्समध्ये जे कार्ड असे, त्यावर नंबर असे नवऱ्याचा. पर्स बाईंची हरवली, तरी धोक्यात येई तो घरात बसलेला नवरा. आणि कार्डावरचे ते अक्षर वाचून ही बाई विधवा आहे, हेही कोणाला कळू शके.

तो काळ कागदाचा होता, तोवर हे खपून गेले. गणकयंत्रे आली, उधारीचा व्यवहार फोनवरून आणि मग इंटरनेटवरून होऊ लागला, तसे चोराचे काम सोपे झाले. कार्डावर नाव आहेच, नंबरही आहे. जन्मतारीख मिळवणे फारसे अवघड नाही. तेवढ्यावर दुसऱ्याच्या नावाने क्रेडिट कार्ड काढता येते, कर्ज घेता येते, आयकराचा परतावासुद्धा लाटता येतो. ओळख चोरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत १९९८ मध्ये झाला.

पैशांचे नुकसान वाईटच, पण ते कालांतराने भरून तरी निघते. आरोग्य विम्याच्या बाबतीत त्याहून गंभीर एक धोका आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. समजा, तुमच्या कार्डावर दुसराच कोणी उपचार घेऊन गेला. त्याचा रक्तगट, त्याचा मधुमेह, त्याची औषधे, त्याला न चालणाऱ्या गोळ्या, हे सगळे तुमच्या नावाच्या फायलीत जाऊन बसते. उद्या तुम्ही बेशुद्धावस्थेत तातडीच्या विभागात पोचलात, तर डॉक्टरांच्या पुढ्यात येतो तो तुमचा आणि चोराचा मिळून झालेला एक तिसराच रुग्ण. पेनिसिलिनची ॲलर्जी तुम्हाला, आणि फायलीत नोंद की पूर्वी पेनिसिलिन दिले होते, काही त्रास झाला नाही. अशी चूक जिवावर बेतू शकते. विम्याची मर्यादा आधीच संपलेली आढळणे, न केलेल्या शस्त्रक्रियेचे बिल घरी येणे, हे प्रकार निराळेच.

आणि दुरुस्ती करायला जावे तर आणखी एक अडचण उभी राहते. आपली वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क अमेरिकेत कायद्याने रुग्णाला आहे. पण फायलीतला काही मजकूर आपला नाहीच, असे रुग्णाने सांगितले, की काही ठिकाणी कचेरीतला माणूस बिचकतो. हा मजकूर तुमचा नसेल तर तो दुसऱ्या कोणाचा तरी खासगी मजकूर झाला, मग तो तुम्हाला कसा दाखवायचा? चोराची गुप्तता जपण्यासाठी मालकाला दारात उभे करायचे, असा हा न्याय!

इतके सगळे दिसत असताना कार्डावरचा नंबर काढला का नाही? खासगी विमा कंपन्यांच्या बाबतीत काही राज्यांनी लवकर पावले उचलली. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कायदा करून कार्डांवर हा नंबर छापायला टप्प्याटप्प्याने बंदी घातली. घोडे अडले ते केंद्र सरकारच्या मेडिकेअरपाशी. २००७ मध्ये सर्व केंद्रीय खात्यांना या नंबराचा अनावश्यक वापर कमी करा, असे सांगण्यात आले. सरकारच्याच तपासणी यंत्रणांनी कार्डावरचा नंबर हटवा, असे पुनःपुन्हा बजावले. खात्याचे उत्तर ठरलेले होते, खर्च फार येईल. २०११ मध्ये तो अंदाज ऐंशी कोटी डॉलरच्या वर सांगितला गेला. कारण नंबर नुसता कार्डावर नव्हता. तो खात्याच्या डझनावारी संगणक व्यवस्थांत, प्रत्येक इस्पितळाच्या, प्रत्येक औषध दुकानाच्या आणि प्रत्येक राज्याच्या नोंदींत मुरलेला होता. एकदा पाया घातला, वर मजले चढवले, आता पायाचा दगड बदला म्हटले तर कोण तयार होणार?

तोवर लोकांनी काय करायचे? ग्राहकांच्या हितासाठी काम करणाऱ्या संस्थांनी एक घरगुती तोडगा सुचवला होता. कार्डाची झेरॉक्स काढा, तीतले शेवटचे चार आकडे कापून टाका, ती झेरॉक्स जवळ ठेवा आणि मूळ कार्ड घरी. नवीन डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना तेवढे मूळ कार्ड न्या. शेवटचेच चार आकडे का? कारण २०११ पर्यंत पहिले तीन आकडे नंबर कुठून दिला गेला त्या भागावरून ठरत आणि मधले दोन गटाप्रमाणे ओळीने येत. २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की जन्मतारीख आणि जन्माचे राज्य ठाऊक असले, की पुष्कळांच्या नंबराचा पहिला भाग अंदाजाने काढता येतो. म्हणजे खरे गुपित उरले ते शेवटच्या चार आकड्यांत. आणि फोनवर 'फक्त शेवटचे चार सांगा' म्हटले, की लोक निर्धास्तपणे नेमके तेच सांगून टाकतात. २०११ च्या जूनपासून नवे नंबर कोणत्याही क्रमाशिवाय दिले जाऊ लागले, पण जुन्यांचे काय?

अखेर २०१५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मेडिकेअरच्या सुधारणेच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्यातल्या एका कलमाने कार्डावर सोशल सिक्युरिटी नंबर छापायला मनाई केली, चार वर्षांची मुदत घातली आणि बत्तीस कोटी डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अँथम या मोठ्या विमा कंपनीच्या संगणकांतून सुमारे पावणेआठ कोटी लोकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले होते, आणि त्यात सोशल सिक्युरिटी नंबरही होते. २०१८ च्या एप्रिलपासून नवी कार्डे टपालाने जाऊ लागली आणि २०१९ च्या जानेवारीपर्यंत सहा कोटी दहा लाखांहून अधिक कार्डे पोचती झाली. १ जानेवारी २०२० पासून बिलांसाठी नवाच नंबर आवश्यक ठरला.

हा नवा नंबर विचारपूर्वक तयार केलेला आहे. आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिळून अकरा. एस, एल, ओ, आय, बी आणि झेड ही सहा अक्षरे त्यात मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण घाईत लिहिताना ती पाच, एक, शून्य, आठ, दोन अशा आकड्यांसारखी दिसतात. मुख्य म्हणजे त्या अकरा खुणांना स्वतःचा काही अर्थ नाही. त्यावरून वय, राज्य, पती, पत्नी, विधवा काहीही कळत नाही. पत्नीला तिचा स्वतःचा नंबर मिळाला. आणि तो चोरीला गेला तर बदलता येतो. २०२३ मध्ये खात्याच्या एका कंत्राटदाराकडून माहिती फुटली, तेव्हा ज्यांचे नंबर उघडे पडले त्यांना नवे नंबर घालून नवी कार्डे पाठवण्यात आली. कुलूप बदलून दिले, घर सोडावे लागले नाही. सोशल सिक्युरिटी नंबराच्या बाबतीत हे क्वचितच शक्य होते.

म्हणून आता चिंता मिटली का? नाही. नवी कार्डे निघाली त्याच काळात ठगांचे फोन सुरू झाले. 'नव्या कार्डासाठी फी भरा', 'जुना नंबर सांगा म्हणजे नवा चालू करतो', असे सांगून म्हाताऱ्या माणसांना गाठले गेले. वास्तविक कार्ड फुकट होते आणि आपोआप येत होते. आजही कोणी जनुकीय तपासणी फुकट करून देतो, कोणी गुडघ्याचे किंवा पाठीचे पट्टे फुकट पाठवतो म्हणतो, मागतो काय तर फक्त मेडिकेअरचा नंबर. त्या नंबरावर मग सरकारकडे हजारो डॉलरची बिले जातात. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर या बिलांची देवघेव करणाऱ्या कंपनीवर जो हल्ला झाला, त्यात सुमारे एकोणीस कोटी लोकांची माहिती गेली. आपण कार्ड कितीही जपले, तरी आपला नंबर आणखी पन्नास ठिकाणी पडून असतो.

तिकडे असलेल्या आपल्या माणसांना एवढे जरूर सांगा. मेडिकेअर आपणहून फोन करून नंबर विचारत नाही. विचारणारा कितीही गोड बोलला, मराठीत किंवा हिंदीत बोलला, तरी फोन ठेवून द्या आणि कार्डावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करा. विम्याकडून येणारे खर्चाचे विवरण न उघडता फेकू नका. त्यात न भेटलेल्या डॉक्टरांचे नाव दिसले, तर लगेच कळवा. दवाखान्याच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबराची चौकट दिसली, की भरण्याआधी तो कशासाठी हवा, हे विचारा. पुष्कळदा ती रिकामी ठेवली तरी चालते. आणि तिन्ही पतनोंदणी कंपन्यांकडे आपले खाते गोठवून ठेवण्याची सोय २०१८ च्या सप्टेंबरपासून फुकट झाली आहे. नवे कर्ज काढायचे नसलेल्या वृद्धांसाठी हा उत्तम बंदोबस्त आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बारा आकड्यांचा हा क्रमांक जन्मभर बदलत नाही. ठसा किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी यांची जोड असल्यामुळे नुसता आकडा सांगून सगळी दारे उघडत नाहीत, हे अमेरिकेच्या मानाने बरे. पण सवयींचे काय? इस्पितळात दाखल होताना आधारची झेरॉक्स, विम्याच्या कार्डाची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स आपण न विचारता देतो. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली प्रत तिथेच टोपलीत टाकतो. कार्डाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो, आणि तो पुढे कुठे कुठे जातो ते देवच जाणे.

सोयी आपल्याकडेही आहेत, त्या वापरायला हव्यात. पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दाखवणारे आधार संकेतस्थळावरून घेता येते. जिथे चालते तिथे तेच द्यावे. आधारऐवजी सांगता येईल असा सोळा आकडी पर्यायी क्रमांक २०१८ पासून मिळतो, आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याचीही सोय आहे. प्रत द्यावीच लागली, तर तीवर तारीख आणि कोणत्या कामासाठी दिली ते आडवे लिहून सही करावी. २०२१ पासून देशभर सुरू झालेला आरोग्य खात्याचा 'आभा' क्रमांक चौदा आकडी आहे. तो घेणे ऐच्छिक आहे आणि तो म्हणजे विमा नव्हे. इस्पितळाच्या खर्चासाठी लागणारे आयुष्मान कार्ड वेगळे. दोन्हींचा घोळ करून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहावे.

आणखी एक. आपल्या कार्डाशी जोडलेला मोबाइल आपलाच आहे ना, हे तपासून घ्या. आयुष्मान योजनेबाबत महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२३ मध्ये संसदेपुढे आला, त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. दहा वेळा नऊ हा आकडा लिहून कोणी तरी रकाना भरून टाकला होता. अशा माणसाच्या नावावर कोणी उपचार घेऊन गेले, तर संदेश जाणार कुणाला? फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. आधारच्या तक्रारीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

अमेरिकेत खातेवहीतल्या एका नंबराने हळूहळू सगळीकडे हातपाय पसरले आणि त्याला कार्डावरून नुसते खाली उतरवायला अर्धे शतक लागले. एकदा सगळीकडे पेरलेला नंबर वेचून परत आणता येत नाही, हा त्यातला धडा. ते काम सरकारचे आणि कंपन्यांचे आहे, हे खरेच. पण आपल्या हातात एक लहानसा प्रश्न आहे. नंबर मागणाऱ्याला शांतपणे विचारायचे, हा कशासाठी हवा आहे, आणि याच्याशिवाय चालेल का? म्हातारे आईवडील हा प्रश्न विचारायला संकोचतात. समोरच्याचा अपमान होईल असे त्यांना वाटते. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलाने, सुनेने, नातवाने तो त्यांच्या वतीने विचारावा.